उजव्या घोट्याची दोरी

१

समुद्रानं माणूस परत दिला तो सकाळी सकाळी, आणि तोही ऑफिसच्या दारात.

लाटांवर स्वार होणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंची जी संघटना, तिचं मुख्यालय किनाऱ्याच्या अगदी नाकासमोर होतं. मधे फक्त एक अरुंद रस्ता, सायकली लावायचे लोखंडी दांडे आणि पाय धुवायचे नळ. त्या नळांच्या सरळ रेषेत, ओल्या वाळूवर, संघटनेचे प्रमुख पंच पालथे पडले होते. त्यांची जुनी पिवळी फळी दोरीनं पायाला बांधलेली होती आणि येणाऱ्या प्रत्येक लाटेबरोबर दाव्याच्या वासरासारखी हिसके देत होती.

जग त्यांना पंच म्हणे. वहिनींच्या लेखी ते भाऊजी होते, धाकटे दीर. वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा भाऊजी शाळेत होते आणि शाळा बुडवून समुद्रात होते. पुढे दोघा भावांनी किनाऱ्यालगतच्या एकाच इमारतीत घरं घेतली. थोरला गेला, तरी वहिनी वरच्या मजल्यावर राहिल्या. भाऊजींनी वहिनी म्हटलं म्हणून सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, पोलिसांच्या तपास खात्यात त्यांनी हयात घालवली होती तरीही.

बातमी कळली तशा त्या सपाता घालूनच खाली धावल्या. मागोमाग धाकटी आली, म्हणजे भाऊजींची बायको. वहिनींनी गुडघे टेकून भाऊजींना पाहिलं, डोक्यामागची खोक पाहिली, उजव्या घोट्यावर घट्ट बसलेली दोरीची पट्टी पाहिली. तपासाची सवय मेली सुटत नाही, दुःखातसुद्धा डोळे आपलं काम करतात. मग त्यांनी धाकटीला हात धरून जवळ बोलावलं.

धाकटी चार पावलांवर थांबली होती. तिनं फळी पाहिली, दोरी पाहिली, आणि तोंड फिरवलं.

"बघून घे गं एकदा," वहिनी म्हणाल्या.

"शब्द मोडणाऱ्याचं तोंड मी बघत नाही," धाकटी म्हणाली आणि तशीच घरी गेली.

तिचंही काही चुकलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी भाऊजींच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी फळी बंद म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यातल्या खाटेवर बसून त्यांनी बायकोला शब्द दिला होता, की गुडघ्याच्या वर पाणी चढू देणार नाही. त्या दिवसापासून ते रोज पहाटे पोहायची चड्डी घालून किनाऱ्याच्या कडेकडेनं चालत, पाय भिजवत आणि परत येत. ज्या माणसानं आयुष्यभर धाकटीला समुद्राची सवत दाखवली, त्यानं निदान म्हातारपण तरी तिच्या नावे करून दिलं होतं. आता तेही समुद्राच्याच पदरात पडलं.

पोलिसांनी फार डोकं चालवलं नाही. छातीत समुद्राचं पाणी, म्हणजे बुडून मरण. डोक्याला खोक, म्हणजे फळी लागली. म्हातारपणी चळ लागला, अपघात, प्रकरण बंद. धाकटी अंत्यविधीला गेली, पण तिथंही ती पाठ करून उभी राहिली. लोक काय म्हणतात याची तिला पर्वा नव्हती.

सगळं आटोपल्यावर ती वरच्या मजल्यावर आली. डोळे कोरडे होते.

"तुम्ही एवढे चोर-खुनी पकडलेत. मला एवढंच शोधून द्या, शब्द का मोडला यांनी? माझा राग आला होता का? जगायचा कंटाळा आला होता? आदल्या रात्री मला म्हणाले, एक राहिलेलं काम आता उरकून टाकतो. हे काम?"

 धाकटीनं दारातल्या वाटीतून उचलून आणलेली एक किल्ली टेबलावर टाकली. किल्लीला पिवळा, गुळगुळीत तुकडा लटकत होता.

"ही घ्या त्यांच्या ऑफिसची. काय ते तुमच्या डोळ्यांनी बघा. आणि कारण कितीही वाईट निघालं तरी मला सांगा."

२

दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्या किल्लीनं मुख्यालयाचं काचेचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. गालिच्यात वाळू, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर वाळू, खुर्च्यांच्या कापडाला मिठाचा वास. या लोकांना कितीही सूटबूट चढवा, घरात पाय धुऊन यायचं त्यांना कुणी शिकवलेलं नाही, असं वहिनींना वाटलं.

समोरच्या भिंतीवर भाऊजींचा तरुणपणीचा फोटो होता, जमिनीपासून छतापर्यंत. लाटेच्या पोटात वाकलेला उघडा देह, डावा पाय पुढे, उजवा मागे, उजव्या घोट्याला दोरी. सगळ्या जगात गाजलेला फोटो. पाहिला की वहिनींना दर वेळी काहीतरी खटकायचं. ओळखीच्या घरात गेलं आणि कपाटं इकडची तिकडे केलेली असली म्हणजे वाटतं, तसं. आजही खटकलं, आणि आजही काय ते कळलं नाही.

फोटोखाली दोन रिकाम्या खुंट्या होत्या. पिवळी फळी तिथं टांगलेली असायची. म्हणजे भाऊजी मेले त्या सकाळी ती कुणीतरी उतरवली. इमारतीच्या मागच्या बाजूला नहाणीघरं आणि फरशीचा एक जिना होता. जिना नुकताच घासल्यासारखा लख्ख होता. अख्ख्या इमारतीत वाळू नसलेली तेवढी एकच जागा.

बाहेर किनाऱ्यावरचा जीवरक्षक आपल्या उंच खुर्चीवर चढत होता. प्रेत पहिल्यांदा त्यानंच पाहिलं होतं. हंगामापुरता नेमलेला माणूस, भाऊजींना त्यानं पहाटेचं चालताना तेवढं पाहिलेलं.

वहिनींनी त्याला दोरीबद्दल विचारलं. ढिली होती का, कशीतरी गुंडाळलेली होती का?

"छे, एकदम व्यवस्थित," तो म्हणाला. "पट्टी घट्ट, दोरीचं टोक मागच्या अंगाला, पायात येणार नाही असं. नवख्या माणसाला ते जमत नाही. आत फोटोत आहे ना, अगदी तशीच."

त्या सकाळी पाण्यात आणखी कुणी होतं का, असं विचारल्यावर तो घुटमळला. मग खुर्चीच्या दांड्यावरचा गंज नखानं खरवडत म्हणाला, की तो आला तेव्हा एकच व्यक्ती पाण्यातून बाहेर पडत होती आणि ऑफिसच्या दिशेनं गेली.

"मासोळी. पंचांशी भांडण झालेली."

३

मासोळी म्हणजे भाऊजींची शिष्या. आईबापाविना वाढलेली पोर, गल्लीतल्या मावशीकडे राहायची. भाऊजींनी तिला फळीवर उभं केलं आणि धाकटीनं तिला जेवू घातलं. गेल्या हंगामाच्या अंतिम लढतीत ती जिंकणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. तेवढ्यात प्रमुख पंचांनी निकाल दिला, की मासोळी प्रतिस्पर्ध्याच्या लाटेत घुसली. या खेळात ज्याची लाट त्याची, दुसरा घुसला की त्याचे गुण कापले जातात. मासोळीचं विजेतेपद गेलं, आणि त्यानंतर ती काकांच्या, म्हणजे भाऊजींच्या, घराची पायरी चढली नाही.

वहिनींना ती ऑफिसच्या तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत सापडली. चार जणांकडे मुख्यालयाच्या किल्ल्या होत्या. भाऊजी, संघटनेचे संचालक, फळ्या बनवणारा कारागीर आणि व्यायामासाठी लवकर येणारी मासोळी.

"मला ठाऊक होतं कुणीतरी येणार," ती म्हणाली. "हो, मी त्या दिवशी पाण्यात होते. रोजच असते. नंतर इथं आले, दार बंद होतं, माझ्या किल्लीनं उघडलं, आंघोळ केली, मागच्या दारानं गेले. मी येताना वाळूवर काही नव्हतं. फळी खुंटीवर होती की नव्हती ते पाहिलं नाही. त्या फोटोकडे मी बघतच नाही."

वहिनींनी हळूच सांगितलं, की काका तुझ्यावर जीव टाकत होते.

"मेल्यावर सगळेच देव होतात, वहिनी. मी घुसले नव्हते त्या लाटेत. काकांना ते दिसलं होतं. माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी खोटा निकाल दिला. का, तेवढं नाही सांगितलं."

हातातली फळीची दोरी ती पुन्हा पुन्हा पिळत होती. वहिनींनी विषय बदलावा म्हणून ती दोरी कुठल्या पायाला बांधतात ते विचारलं.

"जो पाय मागे राहतो त्याला. नाहीतर चालताना पायात येते, तोंडावर आपटतो माणूस. आपला पुढचा पाय कुठला ते जन्मतःच ठरलेलं असतं, डावखुऱ्यासारखं. मी उजवा पाय पुढे टाकते, म्हणून दोरी डाव्याला."

"आणि काका?"

"काकाही तसेच. उजवा पुढे, डावा मागे. त्यांच्या मागे उभी राहून तर शिकले मी."

 घोट्यावरची ती पट्टी वहिनींच्या डोळ्यांसमोर होती. ती उजव्या पायाला होती.

४

म्हणजे एक तर मुलगी खोटं बोलत होती, नाहीतर भिंतीवरचा फोटो. फोटो खोटं कशाला बोलेल? वहिनींचा जीव कडू झाला. त्या पोरीच्या वेण्या त्यांनी घातल्या होत्या.

संचालकांनी त्यांना स्वतः दारापर्यंत येऊन आत नेलं. वहिनींना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग टेबलामागे न बसता समोरच्या स्टुलावर बसले. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातून आलेला माणूस, पन्नाशीच्या अलीकडचा, उन्हानं रापलेला. डोळे रडून सुजलेले होते आणि ते रडणं खोटं वाटत नव्हतं.

"वहिनी, ते माझं दैवत होते," ते म्हणाले. "आमच्या गावापासून समुद्र लांब. लहानपणी खाटेवरच्या भिंतीला त्यांचं पोस्टर लावलं होतं, खाली लावलाय तोच फोटो. त्यात बघून बघून मी जमिनीवर उभं राहायला शिकलो, त्यांचा पाय जिथं तिथं माझा पाय. आजही मी अगदी त्यांच्यासारखाच उभा राहतो. लोक हसतात. पण इथं आलो तोवर त्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांना प्रत्यक्ष लाटेवर बघायचं माझ्या नशिबातच नव्हतं."

त्या सकाळचं त्यांनी सविस्तर सांगितलं. ते नेहमीच्या वेळी आले, तोवर खाली पोलीस होते. पंचांनी आपल्या किल्लीनं दार उघडून फळी उतरवली असणार, पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं. ती किल्ली चड्डीच्या खिशातून समुद्रात पडली असणार, बिचाऱ्यांच्या अंगावर काही सापडलं नाही. उद्या सगळे खेळाडू फळ्या घेऊन समुद्रात जाणार, गोल धरून बसणार आणि पंचांना निरोप देणार. या खेळात मेलेल्याला असाच निरोप देतात. हंगामाचं उद्घाटन त्यानंतर लगेच, ते पुढे ढकलता येणार नाही, पंचांनाही ते आवडलं नसतं.

मेलेल्याला काय आवडलं असतं हे जिवंतांना नेहमीच फार चांगलं कळतं, असं वहिनींच्या मनात आलं. शेवटच्या निकालाबद्दल विचारल्यावर संचालकांनी सुस्कारा सोडला.

"ती मुलगी फार संतापी आहे. मला बोलायचं नव्हतं, पण तुम्ही घरच्या. तिनं सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं होतं, तुम्ही बुडाल तेव्हा मी हात देणार नाही."

वहिनी जिना उतरल्या आणि फोटोसमोर पुन्हा थांबल्या. सकाळचं ऊन आता भिंतीवर सरळ पडलं होतं. उजव्या खांद्यामागे, लाटेच्या तुषारांत, चिंचोक्याएवढा काळा डाग दिसत होता. जन्मखूण. सासूबाई म्हणायच्या, माझ्या लेकाला नजर लागायची नाही, देवानं तीट आधीच लावून पाठवलंय. वाळूवर परवा वहिनींनीच भाऊजींच्या पाठीवरून टॉवेल पांघरला होता.

तेव्हा ती खूण डाव्या खांद्यावर होती.

५

फळ्या बनवणाऱ्या कारागिराला सगळे रंधा म्हणत. त्याची कार्यशाळा मुख्यालयाच्या मागच्या गल्लीत. दार उघडलं की पिठाच्या गिरणीसारखी पांढरी पूड उडायची आणि राळेचा उग्र वास नाकात बसायचा. भाऊजी आणि तो पोरवयापासूनचे दोस्त, आणि अलीकडे वैरी. संघटनेनं यंत्रावर कापलेल्या फळ्यांना पसंती दिली आणि भाऊजी गप्प बसले, म्हणून रंध्यानं पिवळी फळी परत मागितली होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं घडवली होती.

"चोरून आणायची असती तर वर्षापूर्वीच आणली असती," तो म्हणाला. "आता ती पोलिसांच्या कोठडीत पडलीय. फळीसुद्धा कोठडीत गेली बघा, आणि माणसं मोकळी."

वहिनींनी फोटोचं विचारलं. रंधा पहिल्यांदा हसला, मग हसता हसता खोकला.

"उलटा आहे की तो. आता कुणाला आठवतंय? त्या काळी एका मासिकानं छापला. लाट पानाच्या बाहेर पळत होती, ती आत वळावी म्हणून छापणाऱ्यानं फोटोच आरशातल्यासारखा फिरवला. तोच गाजला. त्याचीच पोस्टरं निघाली. हा म्हणायचा, जगातली सगळी पोरं माझी नक्कल करतात आणि सगळी उलटी करतात. आम्हा जुन्यांची ती रोजची थट्टा होती."

"मग खरा मागचा पाय?"

"डावा. त्याच्या डाव्या घोट्यावरचे केस गेले होते दोरीनं घासून घासून. का?"

वहिनींनी कारण सांगितलं नाही. रंध्यानं किंवा मासोळीनं प्रेत वाळूवर पाहिलं नव्हतं, बातमी कळून ती दोघं येईपर्यंत गाडी त्याला घेऊन गेली होती. पाहिलं असतं तर पहिल्या नजरेतच दोघं ओरडली असती. पाहिलं कुणी? फोटोवर विश्वास असलेल्या जीवरक्षकानं, खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्या पोलिसांनी, समुद्राकडे जन्मभर पाठ केलेल्या बायकोनं, आणि तपासात केस पांढरे केलेल्या वहिनींनी.

उठता उठता त्यांनी पर्स उघडली, रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर किल्ली खाली पडली. रंध्यानं ती उचलली आणि पिवळा तुकडा अंगठ्यानं पुसला.

"ही त्याची. हा तुकडा त्या फळीचाच, कापून उरलेला. मीच ओवून दिला होता. कुठं मिळाली? संचालक तर सांगत होते समुद्रात गेली म्हणून."

"दुसरी होती का त्यांच्याकडे?"

"छे. प्रत्येकाला एकच. हरवली तर कुलूप बदलायचं."

वहिनी परत खाली बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या किल्लीनं त्यांनी आज दार उघडलं, ती भाऊजी मेले त्या सकाळी घरात, दारातल्या वाटीत होती. जो माणूस किल्ली न घेता घराबाहेर पडला, तो फळी आणायला निघालाच नव्हता.

६

निरोपाच्या दिवशी खेळाडू फळ्या घेऊन रस्त्यावर जमले. मुख्यालयाच्या दारात कापडी फलक लावला होता, त्यावरही तोच फोटो. वहिनींनी संचालकांना, मासोळीला आणि रंध्याला आत बोलावून घेतलं. दाराशी त्यांच्या खात्यातला जुना सहकारी साध्या वेषात उभा होता. त्याला त्यांनी फक्त ऐकायला सांगितलं होतं.

"भाऊजींच्या कुठल्या पायाला दोरी होती?" त्यांनी विचारलं.

"डाव्या," मासोळी आणि रंधा एकदमच म्हणाले.

संचालकांनी दोघांकडे नवलानं पाहिलं. "उजव्या. समोर दिसतंय की."

"तो फोटो उलटा छापलाय," वहिनी म्हणाल्या.

त्या आवाज न चढवता बोलत राहिल्या. दोरी उजव्या पायाला होती. ज्यानं आयुष्यभर ती डाव्या पायाला बांधली, तो झोपेतही ती उजव्याला बांधणार नाही. म्हणजे ती दुसऱ्यानं बांधली. पट्टी घट्ट, टोक मागे, म्हणजे बांधणारा खेळातला. फळी बंद इमारतीत होती आणि भाऊजींची किल्ली घरी होती, म्हणजे बांधणारा किल्लीवाला. असे तिघंच. रंधा आणि मासोळी त्यांचा पाय कधी चुकली नसती. आता कुणी म्हणेल, संशय भलतीकडे जावा म्हणून मुद्दाम चुकवला. पण ज्याला अपघात दाखवायचाय तो मुद्दाम चूक करून ठेवत नाही, आणि ती चूक तर कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

"भाऊजींचा पाय फोटोतून शिकलेला या खेळातला एकच माणूस इथं आहे. तुम्हीच सांगितलंत मला. त्यांचा पाय जिथं तिथं तुमचा पाय."

संचालक भिंतीकडे बघत राहिले. वहिनींनी अनेकांना सापडताना पाहिलं होतं. कुणी भडकतं, कुणी हसतं. या माणसाचा चेहरा देवळात गेल्यावर देवच चोरीला गेलेला दिसावा तसा झाला होता.

"उलटा?" ते म्हणाले. "मी जन्मभर उलटा उभा राहिलो?"

मग सगळं बाहेर आलं. गेल्या हंगामात दुसऱ्या खेळाडूला जिंकवायचं असं वरून ठरलं होतं, तिच्या नावावर पुढचा सगळा बोलबाला उभा करायचा होता. संचालकांनी पंचांच्या पाया पडून तो निकाल मागितला होता, संघटना वाचवा म्हणून, आणि पंचांनी एकदाच मान झुकवली होती. त्या पहाटे चालायला निघालेल्या पंचांना त्यांनी रस्त्यात गाठलं, दार उघडून मागच्या जिन्यात नेलं. पंच म्हणाले, उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्या पोरीची माफी मागणार, निकाल खोटा होता म्हणून सांगणार. संचालकांनी त्यांचा दंड धरला, त्यांनी सोडवला, संचालकांनी ढकललं. ओली फरशी होती.

"ते गेलेच होते. मी नाडी पाहिली," संचालक म्हणाले. "मला वाटलं, जिन्यात मेले असं नको, लाटेवर गेले असं राहू दे. त्यांना शोभेल असं. मी त्यांच्यासाठीच..."

"छातीत पाणी होतं," वहिनी म्हणाल्या. "मेलेला माणूस पाणी ओढत नाही. तुम्ही पाण्यात सोडलंत तेव्हा भाऊजी श्वास घेत होते."

संचालक जवळच्या खुर्चीवर बसायला गेले आणि जमिनीवरच बसले. वहिनींना त्यांची दया आली नाही. यायला हवी होती की काय, हेही त्यांना कळलं नाही.

मासोळी भिंतीला टेकून उभी होती. 

"माफी मागणार होते?" तिनं विचारलं.

"एक राहिलेलं काम आता उरकून टाकतो, असं धाकटीला म्हणाले होते."

"मग जिवंतपणी यायचं ना दारात. मी दार उघडलं असतं." ती वळली, आपली फळी उचलली आणि बाहेरच्या गर्दीत मिसळली. सहकाऱ्यानं संचालकांना मागच्या दारानं नेलं. पुढच्या दारी कुणाला काही कळलं नाही. खेळाडू समुद्रात गेले, त्यांनी गोल धरला, आणि कुणीतरी ध्वनिक्षेपकावर हंगाम ठरल्याप्रमाणे सुरू होईल असं जाहीर केलं.

७

धाकटी स्वयंपाकघरात होती. समुद्राकडच्या खिडक्या तिनं बंद केल्या होत्या.

"सांगा," ती म्हणाली. "वाईट असलं तरी सांगा."

"शब्द मोडला नव्हता त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "आपल्या पायानं गुडघ्यापुढच्या पाण्यात गेलेच नाहीत."

त्यांनी बाकीचं थोडक्यात सांगितलं. निकाल, जिना, दोरी. श्वासाचं सांगितलं नाही. ते कोर्टात निघेलच, पण आज नको. शेवटी त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली आणि ती कशी पुरावा ठरली तेही सांगितलं.

धाकटीनं किल्ली उचलली. पिवळा तुकडा उलटासुलटा करून पाहिला.

"ही वाटीत होती," ती म्हणाली. "त्या दिवशी दिवसभर होती. मी जाता-येता बघत होते हिच्याकडे. मला एवढं नाही कळलं, की ही इथं आहे तर ते फळी आणायला कसे गेले?"

"मलाही नाही कळलं गं."

"तुम्ही म्हणाला होतात, बघून घे एकदा." ती ओट्याला धरून उभी होती. "मी पाठ केली. वाळूवर केली, नंतरही केली. त्यांनी शब्द पाळला आणि मी त्यांचं शेवटचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. सांत्वनाचे सगळे शब्द त्यांना येत होते, आजवर किती घरांत वापरले होते. यातला एकही इथं चालणार नव्हता. बाहेरून किनाऱ्यावरच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

धाकटीनं विचारलं, "कसे दिसत होते?"

तोंडात वाळू गेली होती. एक डोळा अर्धवट उघडा होता आणि हाक मारायला निघाल्यासारखे ओठ विलग झाले होते. वहिनींनी उभी हयात लोकांचं खोटं पकडण्यात घालवली होती.

"शांत," त्या म्हणाल्या. "झोपल्यासारखे."

धाकटीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं मान हलवली आणि दाराशी जाऊन किल्ली परत वाटीत ठेवली.